एल्डन रिंग: उचिगाताना की ग्रेटस्वर्ड?

पार्क चौकात चहा घेताना मित्र एल्डन रिंग या व्हिडिओ गेममधल्या दोन तलवारींवर अडून बसला, "कोणती धरू बे?"

उचिगाताना, म्हणजे काताना, पेलायला पात्राची ताकद 11, चपळाई 15 पुरते, वजन 5.5. सामुराई हे पात्र निवडलं की सुरुवातीलाच हातात. ग्रेटस्वर्डला ताकद 31, चपळाई 12, वजन तब्बल 23! दोन्ही हातांनी धरली तर ताकद दीडपट मोजतात, म्हणजे 21 वर भागतं. 

कातानाचे वार साचले की रक्तस्राव होऊन शत्रूचा जीव एका झटक्यात बराच उतरतो. सांगाड्यांत मात्र रक्तच नाही, तिथे ही जादू चालत नाही. ग्रेटस्वर्ड उचलेपर्यंत समोरचा एक फटका देऊन जातो. पण आपला बसला की गडी बहुतेकदा हडबडतो.

चुकवत, पटापट मारणाऱ्याला काताना. दम धरून एकच घालणाऱ्याला ग्रेटस्वर्ड. आमचा मित्र चहा निवायचीही वाट बघत नाही. काताना!