क्रेफिशच्या ओळखीसाठी दहापटीचं घडीचं भिंग: कुठे पुरतं, कुठे अडतं

गोड्या पाण्यातला क्रेफिश, म्हणजे लॉबस्टरसारखा दिसणारा नांगीवाला प्राणी, कोणत्या जातीचा आहे हे ठरवायला बहुतेक वेळा दहापटीचं ट्रिप्लेट, म्हणजे तीन काचा चिकटवून केलेलं, भिंग पुरतं. वीसपटीचं घेतलं की कामाला मदत होण्याऐवजी अडचणच वाढते. दहापटीच्या भिंगाचं केंद्रांतर (फोकल लेंग्थ), म्हणजे साधारण ज्या अंतरावर वस्तू स्पष्ट दिसते ते, 25 मिमी असतं, वीसपटीचं 12.5 मिमी. जिवंत प्राणी नांग्या उगारत असताना भिंग त्याच्या इतकं जवळ धरणं अवघड जातं. स्वतःच्याच बोटांची सावली पडते आणि एका वेळी दिसणारा भाग फार लहान होतो. रोस्ट्रमचं, म्हणजे डोळ्यांमधून पुढे आलेल्या कवचाच्या चोचीचं, टोक आणि त्याच्या कडेचे काटे एकत्र दिसले नाहीत तर तुलना कशाची करणार?

घेताना भिंगाचा व्यास 18 ते 21 मिमी असावा आणि चौकट काळी असावी, कारण चकचकीत चौकट उजेड थेट डोळ्यात फेकते. पट्टीवर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका. लांबच्या खिडकीची प्रतिमा कागदावर स्पष्ट पाडा, भिंगापासून कागदापर्यंतचं अंतर मिमीमध्ये मोजा आणि 250 ला त्या अंकाने भागा. उत्तर दहाच्या आसपास आलं तर ते भिंग दहापटीचंच, मग वर तीस छापलेलं असलं तरी. खऱ्या तीसपटीचं केंद्रांतर जेमतेम 8 मिमी असतं, त्यामुळे रुंद भिंगावर 30 लिहिलेलं दिसलं की आधी मोजून घ्यावं. दुसरी परीक्षा आलेख कागदाची. चांगल्या ट्रिप्लेटमधून चौकटी कडेपर्यंत सरळ दिसतात आणि रेघांना निळी-लाल किनार येत नाही.

वापरताना भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचं आणि प्राणी भिंगाकडे आणायचा. अंगठा आणि तर्जनीने तो मानेच्या खाचेमागे (पाठकवचावरची आडवी खाच), पाठकवचाच्या दोन्ही बाजूंनी धरला की नांग्या सहसा बोटांपर्यंत पोहोचत नाहीत. कवच टिशूने टिपून घ्या. ओल्या कवचावरची चकाकी बारीक खुणा झाकून टाकते, आणि भिंगातच बसवलेला एलईडी ती आणखी वाढवतो. त्यामुळे एलईडीचं भिंग या कामासाठी घेऊ नये. छोटी टॉर्च बाजूने, अगदी तिरकी धरा. कवचावर खळगा असेल तर सावली त्याच्या प्रकाशाकडच्या कडेला पडते, उंचवटा असेल तर पलीकडच्या. समोरून उजेड टाकला तर खळगे आणि उंचवटे हमखास एकमेकांत मिसळतात, आणि ओळख तक्त्यात नेमका तोच फरक विचारलेला असतो.

क्रेफिश की मॅक्रोब्रॅकियम वंशातला गोड्या पाण्यातला झिंगा, हे मात्र नुसत्या डोळ्यांनीही कळतं. क्रेफिशच्या पायांच्या पहिल्या तीन जोड्यांना चिमटे असतात आणि पहिली जोडी सर्वांत मोठी असते. झिंग्याला चिमटे दोनच जोड्यांना, आणि लांब असते ती दुसरी जोडी.

भिंगाचा खरा उपयोग पुढे होतो. प्रोकँबॅरस क्लार्की, म्हणजे लाल दलदली क्रेफिश, लहानपणी लाल नसतोच, म्हणून रंगावर जाऊ नका. पाठीच्या मधल्या रेषेवर मानेच्या खाचेपासून मागे पाहा. तिथे कवचाच्या दोन बाजूंमधली जागा, म्हणजे ऍरिओला, क्लार्कीत मिटून नुसती रेघ उरते. त्याच्यासोबत सापडणाऱ्या प्रोकँबॅरस झोनँग्युलसमध्ये तिथे स्पष्ट फट असते. दहापटीत हा फरक एका नजरेत दिसतो. सिग्नल क्रेफिशमध्ये नांगीच्या सांध्यावर पांढरा-निळसर डाग असतो, पण पिल्लांत तो फिका असतो. तिथे मानेच्या खाचेमागची बाजू तपासा. युरोपातल्या पांढऱ्या नांगीच्या जातीला तिथे काट्यांची ओळ असते, सिग्नलला ती नसते. जी जात कायद्याने संरक्षित आहे, तिला परवानगीशिवाय हातही लावू नये.

नर-मादी ओळखायला प्राणी उलटा करा. जननछिद्रं मादीत तिसऱ्या जोडीच्या पायांच्या बुडाशी असतात, नरात पाचव्या. कँबॅरिडी कुळातल्या नराच्या काही पायांवर हुकासारखे आकडे असतात आणि मादीच्या छातीखाली ऍन्युलस व्हेंट्रालिस, म्हणजे नराचं वीर्य साठवणारा भाग, असतो. दक्षिण गोलार्धातल्या पॅरास्टॅसिडी कुळात, उदाहरणार्थ चेरॅक्समध्ये, नराला पोटाखालच्या उपांगांची पहिली जोडीच नसते. तिथे गोनोपॉड, म्हणजे त्या जोडीपासून बनलेलं नराचं प्रजननाचं उपांग, शोधत बसणं व्यर्थ आहे.

भिंग अडतं ते गोनोपॉडच्या टोकाशी. कँबॅरिडीतल्या बऱ्याच जाती शेवटी तिथेच वेगळ्या पडतात, आणि तेही फक्त फॉर्म 1 नरात, म्हणजे प्रजननक्षम अवस्थेत. त्याचं टोक अंबरसारखं पिवळं-तपकिरी आणि टणक असतं, फॉर्म 2 मध्ये मऊ आणि फिकट. फॉर्म कोणता हे भिंगातून कळतं. पण टोकावरचे भाग किती आणि कोणत्या दिशेला वळलेले, यासाठी 20 ते 40 पटीचा स्टिरिओ सूक्ष्मदर्शकच लागतो. त्यात वीसपट चालते, कारण वस्तू आणि भिंग यांत कित्येक सेंटिमीटर मोकळे राहतात. यूएसबी सूक्ष्मदर्शक नोंदीचे फोटो काढायला बरा, पण त्याचा वरून पडणारा गोल उजेड अंबर रंग धुवून टाकतो आणि मऊ-टणक हा फरक त्यात हरवतो.

संगमरवरी क्रेफिश, प्रोकँबॅरस व्हर्जिनॅलिस, हेही भिंगाच्या आवाक्याबाहेरचं प्रकरण. तो सगळा मादीच असतो आणि नराशिवाय वाढतो. नमुन्यात एकही नर नसला तर संशय घ्यावा, खात्री मात्र जनुकीय चाचणीनेच होते.

एक उणीव मात्र विक्रेता सांगत नाही. भिंगासोबत मिळणारी विणलेली दोरी तासन्‌तास ओली राहते. क्रेफिशचा प्लेग हा रोग पसरवणाऱ्या ऍफॅनोमायसिस ऍस्टेसाय या बुरशीसारख्या जीवाचे बीजाणू ओलाव्यातच टिकतात. अमेरिकी जाती तो बहुधा न मरता वाहतात, युरोपीय जाती त्याने मरतात. दोरी काढून टाका आणि एका जलाशयातून दुसऱ्यात जाण्याआधी चौकट पूर्ण वाळवा. काच जंतुनाशकात बुडवू नका, कारण काचांमधला चिकटद्रव सुटून धुकं येतं आणि ते पुन्हा निघत नाही. ओल्या मऊ कापडाने पुसून कोरडी करणं पुरेसं.