आय5-6400 की आय5-6600के: जुन्या झेड170 बोर्डासाठी कोणता?

कोल्हापूरच्या राजारामपुरीत हिंडून जुने सुटे भाग जमवायचे आणि स्वस्तात डेस्कटॉप जुळवायचा ठरवले, तर झेड170 मदरबोर्डावर इंटेलचा आय5-6400 प्रोसेसर बसवावा की आय5-6600के, हा प्रश्न पडतो. प्रोसेसरचा वेग म्हणजे मूळ घड्याळाची गती गुणिले गुणक. 6600केचा गुणक खुला, म्हणजे बदलता येण्याजोगा असल्यामुळे 100 मेगाहर्ट्‌झच्या मूळ घड्याळाला 35 ऐवजी 43ने गुणले, की 4.3 गिगाहर्ट्‌झ होतात. व्होल्टेज थोडे वाढवायचे आणि तापमानावर नजर ठेवायची. पंखा मात्र खोक्यात येत नाही, तो वेगळा घ्यावा लागतो.

6400चा गुणक कुलूपबंद आहे. 27चा गुणक तसाच ठेवून मूळ घड्याळच 150वर नेले, तर 4.05 गिगाहर्ट्‌झ मिळतात. परंतु त्यासाठी 2015च्या अखेरीपासून काही उत्पादकांनी काढलेला खास बायोस (मदरबोर्डाच्या चिपमधली संगणक सुरू करणारी प्रणाली) लागतो, कारण पुढे 2016 मध्ये इंटेलने नव्या मायक्रोकोडद्वारे (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांद्वारे) ही वाट बुजवली. या मार्गाने अंतर्गत ग्राफिक्स बंद पडते, एव्हीएक्सची (जड आकडेमोडीच्या खास सूचनांची) कामे रेंगाळतात आणि प्रोसेसरच्या गाभ्यांचे (कोअर्सचे) तापमान नीट कळत नाही, जे एप्रिलमधल्या दुपारी मला सर्वांत जास्त खटकते. म्हणून किमतीत फार अंतर नसेल, तर मी 6600केच घेईन.

6400 आधीच हाताशी असेल आणि वेगळे ग्राफिक्स कार्डही असेल, तर खटाटोप करून पाहावा. मात्र बायोस नेमका त्याच बोर्डाचा हवा आणि यूपीएस जोडलेला हवा. माझ्याकडे बायोस भरताना मध्येच वीज गेली आणि बायोसची चिप काढून प्रोग्रॅमर यंत्रावर पुन्हा भरून आणावी लागली.