लागोसचं राष्ट्रीय संग्रहालय: आधी माती, मग धातू, गाडी शेवटी

लागोस बेटावरच्या ओनिकान भागात हे संग्रहालय आहे. केनेथ मरे या इंग्रज कलाशिक्षकाच्या धडपडीतून १९५७ साली ते सुरू झालं आणि आज ते नायजेरियाच्या राष्ट्रीय संग्रहालय आणि स्मारक आयोगाकडे आहे. इमारत बैठी आणि साधी आहे, दालनं मोजकी, वस्तूंखालचे फलक त्रोटक. तयारी न करता गेलात तर पाऊण तासात बाहेर पडाल आणि फार काही पाहिलं नाही असंच वाटेल. थोडं वाचून, योग्य क्रमाने पाहिलं तर अडीच तास कमी पडतात, कारण इथल्या वस्तू जगातल्या कुठल्याही मोठ्या संग्रहालयाच्या तोडीच्या आहेत.

सुरुवात मातीपासून करा. नोक संस्कृतीची टेराकोटा शिल्पं दोन हजार वर्षांहून जुनी आहेत. मध्य नायजेरियातल्या जोस पठाराच्या परिसरात, कथिलाच्या खाणींमध्ये १९२८ पासून ती सापडू लागली. त्यातलं एक मुंडकं तर खाणीवरच्या कारकुनाने घरी नेऊन सुरणासारख्या यामच्या शेतात बुजगावणं म्हणून उभं केलं होतं. १९४०च्या दशकात ते अभ्यासकांच्या हाती आलं आणि पुढचं संशोधन त्यातून सुरू झालं. पाहताना डोळ्यांकडे लक्ष द्या. ते त्रिकोणी असतात आणि बाहुलीच्या जागी आरपार भोक असतं. नाकपुड्या, तोंड, कान इथेही भोकं दिसतात. मूर्ती आतून पोकळ असते. भाजताना आतली हवा आणि वाफ बाहेर पडली नाही तर माती तडकते, म्हणून या भोकांचा उपयोग होत असावा. मातीत खडेही भरपूर दिसतात.

त्यानंतर इग्बो-उक्वू या आग्नेय नायजेरियातल्या गावच्या वस्तू. १९३०च्या दशकाच्या अखेरीस इसाया अनोझी नावाचा माणूस आपल्या अंगणात पाण्याची टाकी खणत होता, तेव्हा या वस्तू वर आल्या. पुरातत्त्वज्ञ थर्स्टन शॉ यांनी १९५९ पासून तिथे रीतसर उत्खनन केलं. काळ साधारण नववं-दहावं शतक. दोराच्या जाळीत बसवलेलं पाण्याचं भांडं हा या संग्रहातला सर्वांत मोठा ऐवज आहे. भांडं, तिवई आणि गाठीगाठींचा दोर, सगळं कांशात ओतलेलं आहे, आणि तेही टप्प्याटप्प्याने. दोराचा पीळ इतका बारीक उतरला आहे की साच्यासाठी मेणाऐवजी झाडाचा चीक वापरला असावा असं काही अभ्यासक मानतात. इतर भांड्यांवर माश्या आणि किडे बसलेले दिसतील, तेही ओतीवच. आपल्याकडच्या ओतारकामाची ओळख असलेल्या माणसाने या एका कपाटासमोर वीस मिनिटं तरी काढावीत.

इफे या नैऋत्य नायजेरियातल्या जुन्या शहराच्या बऱ्याच शिरांवर चेहराभर उभ्या बारीक रेषा असतात आणि कपाळाच्या कडेने, हनुवटीवर भोकांची रांग असते. त्यात केस, दाढी किंवा मण्यांच्या माळा बसवत असावेत.

बेनिनच्या (हे दक्षिण नायजेरियातलं जुनं राज्य, शेजारचा बेनिन देश नव्हे) वस्तूंपाशी बहुतेकांची निराशा होते, ती चुकीच्या अपेक्षेमुळे. १८९७ मध्ये ब्रिटिश फौजेने बेनिनचा राजवाडा लुटला आणि हजारो वस्तू युरोपात गेल्या. त्यामुळे लंडन किंवा बर्लिनमध्ये दिसतात तशा भिंतीभर ओतीव पितळी पाट्या इथे नाहीत. आहेत त्या नीट पाहा. पाट्यांच्या कडांना खिळ्यांची भोकं आहेत, कारण त्या राजवाड्याच्या खांबांवर ठोकलेल्या होत्या. पार्श्वभूमीवर पानांची नक्षी, लांब केसांचे पोर्तुगीज, बिबटे. राजांची शिरं पाहताना जाडी तपासा: जुनी शिरं पातळ आणि हलकी, नंतरची जड, आणि पोवळ्यांच्या माळांची गळपट्टी थेट ओठांपर्यंत चढलेली. डोक्यावरचं भोक कोरीव हस्तिदंत उभा करण्यासाठी आहे. नेदरलँड्सने परत केलेल्या ११९ वस्तूंचा हस्तांतरण सोहळा जून २०२५ मध्ये याच आवारात झाला. त्यातल्या चार वस्तू संग्रहालयाकडे राहतील आणि बाकीच्या बेनिनच्या ओबाकडे, म्हणजे राजाकडे जातील, असं तेव्हा जाहीर झालं.

नैऋत्य नायजेरियातल्या योरुबा लोकांच्या इबेजी, म्हणजे जुळ्यांच्या, मूर्ती घाईत सुटतात. या समाजात जुळ्यांचं प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्यांपैकी आहे. जुळ्यांतलं एक मूल गेलं की त्याची वीतभर उंचीची लाकडी मूर्ती घडवायची, तिला न्हाऊ-माखू घालायचं, भरवायचं. म्हणून पुष्कळ मूर्तींचे नाक-ओठ झिजून गुळगुळीत झालेले असतात आणि खोबणींमध्ये लाल लाकडाची पूड साचलेली असते. काहींच्या अंगावर कवड्यांचा अंगरखा असतो. मालदीवच्या समुद्रातली ही कवडी पश्चिम आफ्रिकेत कित्येक शतकं चलन होती. तुळजाभवानीच्या आराध्यांच्या माळेत आपण पाहतो, तीच ही कवडी.

राष्ट्रप्रमुख मुर्तला मुहम्मद यांची १३ फेब्रुवारी १९७६ रोजी ज्या काळ्या मर्सिडीजमध्ये हत्या झाली, ती गोळ्यांनी चाळणी झालेली गाडीही इथे आहे. बरेच जण आधी तिकडेच वळतात आणि मग मातीच्या मूर्ती पाहायला मन उरत नाही. ती शेवटी पाहा.

दालनांत फोटो काढायला मनाई असते, त्यामुळे वही-पेन्सिल न्या. फलक अपुरे असल्याने गाईड घ्याच. पैसे आधी ठरवा, आणि वस्तू कशी बनवली आणि कशासाठी वापरली हे विचारत राहा, नाहीतर नुसती नावं आणि सालं ऐकायला मिळतात. परदेशी पाहुण्यांना तिकीट जास्त पडतं. नायरातल्या लहान नोटा जवळ असाव्यात. सकाळी लवकर पोहोचा. दुपारी उकाडा वाढतो आणि परतीच्या वेळी पुलांवर वाहनांच्या रांगा लागतात. लागोसच्या ब्लू लाइन या शहरी रेल्वेने यायचं तर मरिना स्टेशनला उतरून पुढे टॅक्सी करा. तिकिटासाठी लागणाऱ्या कार्डाचं नावही ‘काउरी’, म्हणजे कवडीच.

ओनिकानमध्येच योरुबा संस्कृतीचं नवं जॉन रँडल केंद्र आहे. मांडणी आधुनिक, पडदे आणि ध्वनी भरपूर. मुलं बरोबर असतील तर ती तिथे अधिक रमतील. पण दोन्ही पाहायची असतील तर संग्रहालय आधी ठेवा, कारण जुन्या वस्तूंना जे एकटक पाहणं लागतं ते ताज्या डोळ्यांनीच जमतं.

मुखवटे किंवा पितळी शिरं विकत घेताना एक खबरदारी घ्या. मुद्दाम जुनाट केलेली नवी वस्तूसुद्धा विमानतळावर पुरातन समजून अडवली जाऊ शकते. पावती मागा, आणि वस्तू जुनी दिसत असेल तर आयोगाकडून निर्यातीची परवानगी निघण्याच्या दिवसाआधीच काढून घ्या.