घरी बनवलेले कॉर्नहोल बोर्ड: मे ते ऑक्टोबर वापरल्यावर

आधी निकाल सांगून टाकतो: सांगाडा पास, रंगकाम पहिल्या खेपेला नापास. ओहायोच्या हवेत, जवळपास दर शनिवार-रविवारी खेळल्यानंतरचं हे मत आहे. ज्यांनी हा खेळ मंडळाच्या पिकनिकला लांबूनच पाहिलाय त्यांच्यासाठी एवढंच: 27 फुटांवर समोरासमोर दोन उतरते बोर्ड, फेकलेली दाण्यांची पिशवी बोर्डावर थांबली तर 1 गुण, भोकात गेली तर 3, डाव 21 चा.

मापं ठरलेली आहेत. बोर्ड 24 × 48 इंच. भोक 6 इंच व्यासाचं, त्याचा मध्य वरच्या कडेपासून 9 इंचांवर आणि दोन्ही बाजूंपासून 12 इंचांवर. मागची कड जमिनीपासून 12 इंच उंच, पुढची अडीच ते चार.

दोन बोर्डांना अर्धा इंची बर्च प्लायवूडचे 2 × 4 फुटी दोन तुकडे आणि चौकट-पायांसाठी आठ फुटी टू-बाय-फोर लाकडं पाच लागतात. प्लायचा 4 × 4 चा एकच तुकडा आणून मधोमध चिरला, तर पात्याच्या जाडीत सूतभर जातं आणि बोर्ड 24 भरत नाही. टू-बाय-फोर नावापुरताच; प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन. म्हणून चौकटीचे आडवे तुकडे 24 नाही, 21 इंचांचे कापायचे. अडीच इंची स्क्रूंनी चौकट जोडली की गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) लावाच, आणि दोन्ही कर्णही मोजा. सारखे हवेत, साधारण 53.7 इंच.

पुष्कळ जण मधला आडवा तुकडा गाळतात. गाळू नका. अर्धा इंची प्लाय मधे अधांतरी राहिला की पिशवी पडल्यावर ढोलकीसारखा वाजतो आणि पिशवी घसरायच्या ऐवजी उसळते. बरोबर मध्यावर एक 21 इंची तुकडा टाकला की आवाजच बदलतो.

पायांचं एक गणित आहे. मिटणारा पाय वरच्या टोकाला गोल केला नाही तर प्लायला अडतो. बोल्टचं भोक टोकापासून पावणेदोन इंचांवर, आणि त्याच केंद्रावरून पावणेदोन इंच त्रिज्येची गोलाई. चौकटीत लावताना सूतभर मोकळीक ठेवा, नाहीतर रंग चढल्यावर पाय घट्ट बसतो. पाय आधी 13 इंच ढोबळ कापायचे. मग बोर्डाची मागची कड विटांवर 12 इंच उंच टेकवायची, पाय शेजारी धरायचा, जमिनीला समांतर पेन्सिलीने रेघ मारायची आणि तिथे कापायचं. कोन मोजत बसायची गरज नाही. दोन्ही पायांमध्ये आडवी पट्टी हवीच, आणि बोल्टवर लाकडाच्या दोन्ही बाजूंना वायसर.

आता रंग, म्हणजे जिथे बहुतेकांचे बोर्ड बिघडतात. पाण्याचा लॅटेक्स रंग तासाभरात हाताला वाळलेला लागतो, पण आतून कडक व्हायला तीन-चार आठवडे घेतो. त्याआधी खेळलं तर दमट दुपारी पिशवी चिकटते, आणि गडद कापडाचा रंगही बोर्डावर उतरतो. जुलैत नेमकं हेच झालं. दुसऱ्या खेपेचा क्रम असा: 120 चा आणि मग 220 चा पॉलिश पेपर, प्रायमरचा एक हात, रंगाचे दोन पातळ हात, वर बाहेरच्या वापराच्या पाण्याच्या क्लिअर कोटचे तीन हात. हातांच्या मधे 220 हलकासा फिरवायचा. मग महिनाभर बोर्ड गॅरेजमध्ये, कोणी कितीही मागू दे. तेलाचं पॉलियुरेथेन जास्त टणक असतं हे खरं, पण ते पांढऱ्याला पिवळट करतं.

सजावटीला वारली छान बसते: गेरू रंगाची जमीन, त्यावर पांढऱ्या आकृत्या. तारप्याचा फेर भोकाभोवती काढायचा मोह होतो. पण पिशव्यांचा सर्वांत जास्त मारा तिथेच, त्यामुळे चित्र खालच्या दोन तृतीयांशात ठेवा. पांढऱ्याचे तीन-चार हात झाले की आकृतीची कड उंच होते आणि पिशवी तिथे अडखळते. डोळे मिटून बोट फिरवा; कड लागली तर 400 चा ओला पेपर मारूनच क्लिअर द्या. सरळ पट्ट्यांसाठी टेप लावल्यावर त्याच्या कडेवर आधी जमिनीचाच रंग फिरवायचा, म्हणजे वरचा रंग आत झिरपत नाही. आणि गणपती किंवा महाराज बोर्डावर काढू नका. त्यावर दिवसभर फेकाफेक चालणार आहे.

स्क्रूंच्या खळग्यांत भरायची लांबी (लाकडाची पुट्टी) एकदाच भरली तर ती बसते आणि महिन्या-दोन महिन्यांत खळगे दिसतात. दोनदा भरा. खरी झीज मात्र दोन ठिकाणी झाली: भोकाची आतली कड आणि गवतावर टेकणारी पुढची कड. प्लायच्या उघड्या कडा दव पितात आणि वरचा पापुद्रा सुटतो. भोकाची धार गोल करून सगळ्या कडांना प्रायमर आणि क्लिअरचा प्रत्येकी एक हात जास्त द्या, चौकटीच्या खालच्या बाजूलाही.

पिशव्यांसाठी डक कॅनव्हासचे (जाड सुती कापडाचे) 7 इंची चौकोन, अर्धा इंच शिवण, दुहेरी टीप. तयार माप 6 इंच. आत 15 ते 16 औंस, म्हणजे साधारण 425 ते 454 ग्रॅम. मक्याच्या दाण्यांचा आवाज गोड आणि त्यांच्या पिठाने बोर्डही गुळगुळीत होतो, पण एकदा भिजले की बुरशी, आणि हिवाळ्यात गॅरेजमध्ये उंदरांना आमंत्रण. पुढच्या भरणीला प्लास्टिकचे दाणे.