फ्री डिश की केबल? सीमाभागातल्या घरासाठी

खानापूरच्या मावशींचा प्रश्न: जुना अँटेना आता निव्वळ गंजतोय, मग डीडी फ्री डिश (दूरदर्शनची बिनभाड्याची छत्री, म्हणजे डिश अँटेना) बसवू की केबलचा सेट-टॉप बॉक्स घेऊ?

खर्चात फ्री डिश सरळ जिंकते. छत्री, बॉक्स आणि बसवणावळ एकदाच. महिन्याचं भाडं नाही. केबलला दर महिन्याला पैसे मोजावेच लागतात.

मराठीचं मात्र नीट बघा, आपल्याकडे तोच कळीचा मुद्दा. फ्री डिशवर दूरदर्शनच्या मराठी सह्याद्री आणि कन्नड चंदना दोन्ही दिसतात, पण खासगी वाहिन्या तिथल्या जागांच्या लिलावाप्रमाणे बदलतात. आज दिसणारी मालिका पुढच्या वर्षी दिसेलच असं नाही. केबलवर 2019 पासून सुट्या वाहिन्या निवडता येतात. तयार कन्नड पॅक गळ्यात मारून घेऊ नका. मराठी वाहिन्यांची यादी हातात घेऊनच सही करा.

पावसाळ्यात खानापूरकडे धो-धो लागला की छत्रीचं चित्र चौकोनी तुकडे होऊन अडकतं, सर ओसरली की परत येतं. छत्री आग्नेयेकडे बघते, त्यामुळे त्या बाजूला फणस किंवा माड आडवा नको. केबलला पावसाचा त्रास कमी, पण गल्लीतल्या अँप्लिफायरची वीज गेली की घरात इन्व्हर्टर असूनही टीव्ही मुका.

फ्री डिशचा बॉक्स एमपेग-4 (प्रक्षेपणाची नवी पद्धत) चाच घ्या, जुन्या पद्धतीच्या बॉक्सवर सगळ्या वाहिन्या येत नाहीत.

शेतावरचं घर, बातम्या-भजनं पुरेशी असतील तर फ्री डिश. बेळगाव-निपाणीत राहून रोजची ठरावीक मराठी मालिका हवीच असेल तर केबल. मावशी, तुमच्या मळ्यातल्या घराला मी छत्रीच सुचवेन.