दोन सर्व्हरची जोडी बसवून देणारी पुण्यातील एक सेवा: वर्षभराचा अनुभव

सदाशिव पेठेतील आमच्या करसल्लागार कार्यालयात 14 जण एकाच हिशेबप्रणालीवर काम करतात. ती बंद पडू नये म्हणून गेल्या वर्षी आम्ही पुण्यातीलच एका छोट्या नेटवर्क संस्थेकडून दोन लिनक्स सर्व्हर बसवून घेतले. दोन्हींवर कीपअलाइव्हड ही आज्ञावली असून व्हीआरआरपीच्या (चालू सर्व्हरने 'मी जिवंत आहे' असे संदेश सतत पाठवत राहण्याच्या नियमपद्धतीच्या) आधारे एक सामाईक आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरील ओळखक्रमांक, गरजेनुसार मुख्य किंवा राखीव सर्व्हरकडे जातो.

सुपूर्द करताना तंत्रज्ञाने मुख्य सर्व्हरवरील कीपअलाइव्हड बंद करून दाखवले आणि राखीव सर्व्हरने तत्काळ पत्ता घेतला. मात्र रीतसर बंद होणारा सर्व्हर शून्य प्राधान्याचा संदेश पाठवून स्वतःच जागा सोडतो. म्हणजे आम्हाला दाखवली गेली ती सर्वांत सोपी परीक्षा होती.

खरी परीक्षा एका गुरुवारी झाली. वीज गेली आणि मुख्य सर्व्हरच्या यूपीएसने दम तोडला. राखीव सर्व्हर दुसऱ्या यूपीएसवर होता. त्याने सुमारे 3.6 सेकंदांत सूत्रे घेतली आणि कोणाला काही जाणवलेही नाही. वीज आल्यावर मात्र मुख्य सर्व्हर सुरू झाला, अधिक प्राधान्याच्या बळावर त्याने पत्ता परत घेतला आणि सगळे काम ठप्प झाले, कारण यंत्र सुरू होताच हिशेबप्रणाली चालवणारी वेब सेवाही सुरू व्हावी ही नोंद बसवणाऱ्यांनी केलेलीच नव्हती. धडधाकट राखीव सर्व्हर शेजारी स्वस्थ बसून होता.

दूरध्वनीवरील मदत निरुपयोगी ठरली. राउटर बंद करून चालू करा, हा सल्ला आम्हाला तीनदा मिळाला. दुसऱ्या दिवशी आलेल्या अभियंता बाईंचे काम मात्र मनापासून वाखाणावे असे होते. पत्ता सध्या कोणाकडे आहे हे पाहून त्यांनी राखीव सर्व्हरवर टीसीपीडम्प हे नेटवर्कवरील संदेश दाखवणारे साधन लावले, तेव्हा 224.0.0.18 या व्हीआरआरपीच्या ठरलेल्या पत्त्यावर मुख्य सर्व्हरचे संदेश दर सेकंदाला येताना दिसले. व्हीआरआरपीला यंत्र जिवंत आहे एवढेच कळत होते. त्यावरील वेब सेवा मेलेली आहे, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

त्यांनी वेब सेवेला दर दोन सेकंदांनी विचारणा करणारी तपासणी जोडली आणि दोन्ही सर्व्हर प्रारंभी राखीव स्थितीत ठेवून 'नोप्रीएम्प्ट' लावले, जेणेकरून परतलेला सर्व्हर पत्ता हिसकावून घेणार नाही. तपासणी फसल्यास नुसते प्राधान्य कमी न करता सर्व्हर थेट दोषस्थितीत जाऊन त्याने पत्ता सोडावा, असा आग्रहही त्यांनी धरला. 'नोप्रीएम्प्ट' असताना केवळ प्राधान्य घटल्याने राखीव सर्व्हर पुढे येत नाही. यानंतर त्यांनी आधी वेब सेवा बंद पाडली, मग केबल उपटली आणि शेवटी वीजच तोडली. तिन्ही वेळा बिले निघत राहिली.

वार्षिक करार आम्ही पुढे चालू ठेवला तो या बाईंमुळे, दूरध्वनी कक्षामुळे नव्हे. नव्या करारात केबल उपटण्याची तिमाही चाचणी लिहून घेतली आहे. बदललेल्या मांडणीची लेखी नोंद मात्र दोनदा मागूनही अद्याप मिळालेली नाही.