लाटणं, टेनिस बॉल की फोम रोलर? आंबलेल्या अंगासाठी काय घ्यावं

साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट चढताना दम निघतो, पण पाय जातात ते उतारावर. दुसऱ्या दिवशी जिन्यात कठडा धरून खेकड्यासारखं आडवं उतरणारं कुणी दिसलं की ओळखावं, स्वारी काल घाटात होती. ट्रेकवाल्यांचंही तेच. कळसूबाईच्या १६४६ मीटरवर पोचेपर्यंत मांड्या फारशी तक्रार करत नाहीत. शिड्या आणि पायऱ्या उतरताना मात्र मांडीचा स्नायू प्रत्येक पावलाला लांबता लांबता ब्रेक लावत असतो आणि त्यात त्याच्या तंतूंना बारीक बारीक इजा होते. म्हणून दुखणं त्याच रात्री नाही, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टोकाला जातं. ‘लॅक्टिक अ‍ॅसिड साचलंय’ असं आपण सर्रास म्हणतो, पण ते बिचारं तासा-दीड तासात निघून गेलेलं असतं.

पूर्वी यावर घरोघरी एकच इलाज होता. तेल कोमट करायचं आणि कुणाकडून तरी पाय चेपून घ्यायचे. पाठ धरली असेल तर सहा-सात वर्षांच्या पोराला पाठीवर चालवायचं. आता चेपून देणारं माणूस हाताशी नसतं, म्हणून अंगाखाली घेऊन लोळायचे हे चेंडू आणि फोमचे लांबट, गोल रोलर आले. माझ्या कपाटात दहा वर्षांत यांचं दुकानच जमलंय: दोन फोम रोलर, एक काटेरी बॉल, शेंगेच्या आकाराचा जोडबॉल, लॅक्रॉस या जाळीच्या काठीने खेळायच्या खेळाचा बॉल, मसाज स्टिक आणि एक लाटणं. त्यातल्या तीनच गोष्टी नेहमी हाताला लागतात. बाकीच्यांवर माझे पैसे गेले, निदान तुमचे वाचावेत.

कडक म्हणजे चांगला नव्हे

विकणारे सांगतात की रोलरने स्नायूंतल्या गाठी फुटतात, फॅशिया मोकळी होते. फॅशिया म्हणजे स्नायूंवरचं आवरण, आणि ते इतकं चिवट असतं की आपण त्यावर लोळल्याने ते सैल होईल ही आशा सोडलेली बरी. रोलिंगचा फायदा होतो, पण तो बहुतेक करून मज्जासंस्थेच्या वाटेने होतो. दाब पडला की त्या जागेची दुखरी जाणीव काही वेळ बोथट होते, सांधा थोडा जास्त वळतो आणि पुढच्या दोन-तीन दिवसांचं आंबणं जरा सुसह्य होतं. परिणाम माफक आहे आणि टिकतोही थोडाच वेळ. तरी जिना सरळ उतरता येणं ही त्या दिवशी लहान गोष्ट नसते.

हे एकदा पटलं की खरेदीतला निम्मा गोंधळ मिटतो. गाठ फोडायचीच नसेल तर दगडासारखा बॉल हवाय कशाला? दाब असा असावा की श्वास चालू ठेवून, चेहरा न वाकडा करता तो सोसता यावा. दहापैकी पाच-सहा दुखलं तर पुष्कळ झालं. दात-ओठ खाऊन, श्वास रोखून लोळलात तर स्नायू सैल पडायच्या ऐवजी बचावासाठी आणखी आवळून बसतो. दुसऱ्या दिवशी काळानिळा डाग दिसला तर तो मर्दुमकीचा पुरावा नाही, जादा दाबाचा आहे.

चेंडूंची उतरंड

चेंडू जितका लहान आणि कडक, तितकं तुमचं वजन कमी जागेवर एकवटतं. टेनिस बॉलचा व्यास साडेसहा ते पावणेसात सेंटीमीटरच्या आसपास आणि वजन ५६ ते ५९.४ ग्रॅम. आतून पोकळ असल्यामुळे त्यावर टेकलात की तो चपटा होतो आणि दाब आपोआप पसरतो. लॅक्रॉस बॉल किंचित लहान, पण भरीव रबराचा आणि १४५ ग्रॅमच्या घरातला. तो दबत नाही, तुम्हीच दबता. क्रिकेटचा सीझन बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा आणि वर शिवण. तो मैदानावरच शोभतो. या दोन टोकांच्या मधली पायरी आपल्याकडे कोणत्याही खेळाच्या दुकानात असते: गल्लीतल्या टुर्नामेंटला वापरतात तो हेवी टेनिस बॉल. त्याचं रबर जाड, त्यामुळे साध्यापेक्षा कडक, लॅक्रॉसपेक्षा मवाळ. मसाज बॉल म्हणून तिप्पट किमतीला विकले जाणारे कित्येक बॉल याच्याहून वेगळे काही करत नाहीत.

पहिल्यांदाच करणाऱ्याने मात्र जुना, मेलेला टेनिस बॉल घ्यावा. टेनिस बॉलमधली हवा हळूहळू उतरते आणि तो खेळायला बाद होतो. पाठीला तो झकास. जिमखान्याच्या कोर्टवर मागितला तर बहुधा पैसेही पडत नाहीत.

काटेरी बॉल मी हौसेने घेतला. मऊ रबरी काट्यांचा तळव्याखाली छान वाटतो, पण प्लॅस्टिकच्या कडक काट्यांचा बॉल पाठीला लावला की त्वचा टोचते आणि खालच्या स्नायूपर्यंत धड काही पोचत नाही. तो आता मांजर खेळतं.

कुठे दुखतंय, त्यावरून निवडा

खवाट्याच्या आतल्या बाजूला, मणक्याच्या शेजारी दुखणं हे लॅपटॉपवाल्यांचं खास दुखणं. इथे रोलरपेक्षा बॉल सरस, कारण रोलर खवाट्याच्या हाडावरच अडतो आणि आतली खाच सुटते. जमिनीवर झोपण्याआधी भिंतीपाशी उभं राहून, बॉल पाठ आणि भिंत यांच्यामधे धरून करा. पाय भिंतीजवळ घेतले की दाब कमी, लांब नेले की जास्त, म्हणजे नळाची तोटीच हातात. बॉल सटकून पलंगाखाली जाऊ नये म्हणून तो लांब पायमोज्यात घालायचा आणि मोज्याचं टोक खांद्यावरून पुढे धरायचं.

दोन्ही बाजू एकदम हव्या असतील तर मोज्यात दोन टेनिस बॉल घालून मधे आणि टोकाला घट्ट गाठ मारा. मणके मधल्या खाचेत राहतात, दाब दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर येतो. बाजारात हाच प्रकार ‘पीनट बॉल’ नावाने मिळतो. तो एकसंध असतो, गाठ सुटत नाही, धुता येतो, पण बहुतेक वेळा जास्त कडक असतो. मी विकतचा घेतला आणि पुन्हा मोज्याकडे वळलो.

कंबरेच्या खोलगट भागावर आडवा रोलर ठेवून लोळू नका. पाठीच्या वरच्या भागाला बरगड्यांचा आधार असतो, कंबरेला तो नसतो, त्यामुळे कणा रोलरवर नको इतका मागे वाकतो. कंबर आखडलेल्या पुष्कळांना कुल्ल्याचा स्नायू मोकळा केल्यावर बरं वाटतं. तिथे चटईवर बसून एका बाजूला कललं की टेनिस किंवा हेवी बॉल बरोबर जागी बसतो, रोलर फार पसरट पडतो. पायात झिणझिण्या किंवा वीज चमकल्यासारखी कळ गेली तर बॉल सायटिक नसेवर आलाय. तिथून हलवा, तसंच दाबत बसू नका. उसण भरली असेल तर पहिल्या एक-दोन दिवसांत यांतलं काहीच नको.

तळव्याला लहान चेंडू लागतो. सकाळी पहिलं पाऊल टेकवताना ज्यांची टाच ठणकते, त्यांच्यासाठी बर्फ झालेली पाण्याची बाटली सगळ्यात चांगली, गार शेकही मिळतो आणि रोलरही. गोल्फचा बॉल जेमतेम ४३ मिलिमीटरचा आणि टणक. तो बसल्या बसल्या चालतो, पण त्यावर उभं राहू नका.

पाय: खरी लढत रोलर आणि लाटण्याची

मांडी आणि पोटरी हे मोठे स्नायू, इथे चेंडू निकामी. इंच इंच करत रात्र जाईल.

फोम रोलरचा जोर असा की तुमचं स्वतःचं वजन काम करतं. उताराने आंबलेल्या मांडीच्या पुढच्या भागाला पालथं पडून रोलर घातला की मिनिटभरात फरक कळतो. पण याचीच दुसरी बाजू म्हणजे ते वजन तोलायचं असतं मनगटांवर आणि खांद्यांवर. पोटऱ्यांसाठी तर दोन्ही हात मागे टेकून बूड उचलावं लागतं, आणि ज्याचे पाय आधीच गेलेत त्याला ही कसरत सांगणं म्हणजे थट्टाच. वजन जास्त असेल, मनगट दुखत असेल, जमिनीवरून उठायला खुर्ची लागत असेल, तर रोलर घरात येतो आणि दारामागे उभा राहतो.

लाटण्याला यातलं काही लागत नाही. खुर्चीवर बसायचं, पाय समोर घ्यायचा, घोट्याच्या वरून गुडघ्याखालपर्यंत पोळी लाटावी तसं फिरवायचं. दाब पूर्णपणे तुमच्या हातात. पोटरीसाठी मी याला रोलरच्या वर ठेवतो. मांडीसाठी नाही, कारण तिथे हात लवकर दमतात. तेल लावून करू नये, लाटणं घसरतं; पायजम्यावरून बरं. विकतच्या मसाज स्टिकमध्ये दांड्यावर फिरणारे मणी असतात, त्यामुळे मुठीत घासत नाही, पण मण्यांच्या फटीत पायाचे केस अडकले की डोळ्यांत पाणी येतं. स्टिकवर मण्यांऐवजी एकच सलग नळी असेल तरच घ्या. आणि लाटणं स्वयंपाकघरातलं पळवू नका, वेगळं आणा. हे मी अनुभवाने सांगतोय.

मांडीच्या बाहेरच्या बाजूला, आयटी बँडवर, रोलर घालून किंचाळणारी माणसं प्रत्येक जिममध्ये असतात. ती बँड स्नायू नव्हे, जाड पट्टा आहे, लाटून लांब होत नाही. त्याऐवजी कुल्ला आणि मांडीचा पुढचा भाग करा.

रोलरच घ्यायचा ठरला तर

लांबी आधी. ३० सेंटीमीटरचा बॅगेत मावतो, पण पाठीखाली घेतला की माणूस बाजूला कलंडतो. ९० सेंटीमीटरच्यावर डोक्यापासून माकडहाडापर्यंत उभं झोपता येतं, हात पसरले की छाती छान उघडते, पण तो वन बीएचकेत ठेवायचा कुठे? ४५ सेंटीमीटर, व्यास १५ च्या आसपास, हा बहुतेक घरांचा तोडगा.

मग माल. सर्वांत स्वस्त, हलके, साध्या पांढऱ्या किंवा काळ्या फोमचे रोलर असतात ते ईपीईचे. सुरुवातीला मऊ वाटतात, काही महिन्यांत मधे बसतात. ईव्हीएचा रोलर जरा लवचीक आणि जास्त टिकाऊ. ईपीपी म्हणजे दाणेदार दिसणारा, हलका पण टणक. आत प्लॅस्टिकची नळी आणि वर फोमची साल असा पोकळ प्रकार सगळ्यात जास्त टिकतो, पण साल पातळ असेल तर नळीच टोचते. दुकानात अंगठा रोवून पाहा: जरा आत गेला आणि सोडल्यावर लगेच जागा भरून आली, तर मधला कडकपणा. खोल खाचा आणि उंचवटे असलेला पहिला रोलर म्हणून घेऊ नका. माझा तसाच होता, त्याच्यामुळे मी वर्षभर रोलिंगच सोडलं होतं.

गुळगुळीत फरशीवर रोलर आणि बॉल दोन्ही पळतात, गादीवर दोन्ही बुडतात. सतरंजी किंवा योगा मॅट हवीच. एका स्नायूला मिनिट-दीड मिनिट, सावकाश. मसाज गनचं, म्हणजे थडथडणाऱ्या मसाजच्या यंत्राचं, विचाराल तर हात पोचेल तिथे ती सोयीची आहे, पण त्याच पैशांत इथलं सगळं येऊन वर पैसे उरतात.

काहींनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीच करू नये: रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेले, हाडं ठिसूळ झालेले, मधुमेहाने पायाची जाणीव कमी झालेले, गरोदर बायका, नुकतंच ऑपरेशन झालेले. फुगलेल्या निळ्या शिरांवर, गुडघ्यामागच्या खळग्यात आणि गळ्याच्या पुढच्या बाजूला दाब नको. आणि एकच पोटरी सुजली, गरम लागली, दुखायला लागली तर लाटणं खाली ठेवून थेट दवाखाना गाठा, ती रक्ताची गुठळी असू शकते.

तर माझा कौल. फक्त मान-पाठ धरत असेल, तर दोन टेनिस बॉल आणि एक मोजा, पुढे काही घेऊ नका. नियमित पळता किंवा ट्रेक करता आणि जमिनीवर सहज उठबस होते, तर त्यात ४५ सेंटीमीटरचा मधल्या कडकपणाचा रोलर जोडा. आई-वडिलांसाठी घेत असाल तर डॉक्टरांना विचारून लाटणं किंवा स्टिक. लॅक्रॉस बॉल वर्षभरानंतर, तोही टेनिस बॉल खरंच मऊ वाटायला लागला तर.

ट्रेकला रोलर नेण्याचा मोह टाळा. मोज्यातले बॉल सॅकच्या बाजूच्या खिशात बसतात. कळसूबाई उतरून पायथ्याच्या बारी गावात गाडी पकडली की मोजा पाठ आणि सीट यांच्यामधे सरकवायचा. घोटीपर्यंतचं बाकीचं काम रस्त्यातले खड्डे करतात.